नाकोंडेचा नाका

तुंदुमा आणि नाकोंडे, खरं तर एकच गाव,
मधून देशांची रेघ गेलेली.
कोंबड्या तिकडे दाणे टिपतात, इकडे अंडी घालतात.
बाया डोक्यावर तांदळाची पोती घेऊन
दुपारच्या आत चारदा टांझानियात जाऊन येतात.
अडतं ते फक्त चाकं असलेलं.

मी एजंट. कागदाला कागद टाचणं हा माझा धंदा.

मंगळवारी कातोंगो आली, चिन्सालीच्या दवाखान्यातली सुईण.
अकरा वर्षं लोकांची बाळं झेलून
तिनं एक गाडी जमवली होती.
चंदेरी, छोटी, डाव्या दारावर ओरखडा,
नागोयाच्या कुणीतरी वापरून सोडलेली,
जहाजातून दार-एस-सलामला उतरलेली,
तिथून अंबाकिस्येनं दोन दिवस हाकत आणलेली.

सिन्यांगवे साहेबांनी चष्मा पुसला.
किमतीत जहाजाचं भाडं मिळवलं,
भाड्यात विमा,
त्या बेरजेवर जकात,
मग जकातीसकट सगळ्यावर कर,
म्हणजे करालाही कर.
मग वय विचारलं. गाडीचं.
म्हातारी निघाली; म्हातारपणाचा वेगळा आकार.
धुराचाही वेगळा,
जो धूर अजून निघायचाच होता.
'आणि ही पावती,' साहेब म्हणाले, 'फार स्वस्त दिसते.
आमच्या यादीत हिची किंमत जास्त आहे.'

'मग यादीलाच विका.'
हे मी मनात म्हणालो असतो.
कातोंगो मोठ्यानं म्हणाली.

कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात.
इथे उलटं :
ज्याला डर नाही
त्याचाच कर वाढतो.

चार हजार क्वाचा कमी पडले.
गाडी आवारात. आवाराचंही रोजचं भाडं.
ती गाडीतच झोपली, चितेंगे पांघरून, दोन रात्री.
भावाचा फोन लागेना.
मग लागला.
मग त्याच्याकडे पैसे नव्हते.

किल्ली फिरवली की दर वेळी
डॅशबोर्डमधून एक बाई बोलायची,
मऊ, अदबशीर, जपानीत, एकच वाक्य.
कातोंगोला वाटायचं, विचारपूस करते आहे;
ती उत्तर द्यायची, 'एया मुकवाई.'
पहारेकऱ्याला वाटायचं, गाडीवर कुणीतरी प्रार्थना सोडून गेलंय.
मला वाटायचं, आधीच्या मालकिणीचा जीव अडकलाय.
पण एजंटानं असलं बोलू नये.
त्याचंही मूल्यांकन व्हायचं.

तिसऱ्या दिवशी अंबाकिस्ये दुसरी गाडी घेऊन आला.
बंदरात त्यानं एका खलाशाला विचारलं होतं म्हणे, कधीतरी.
'ती म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही.'
'कसलं कार्ड?'
'तिकडच्या रस्त्यांचं. पैसे त्यातून कापतात.
ते नाही, एवढंच सांगते.'

कातोंगो हसायला लागली.
बॉनेटवर हात टेकून, वाकून, डोळ्यांना पाणी येईतो.
'समुद्र ओलांडून आली बिचारी,
तरी हिचं देणं काही फिटलं नाही!'
सिन्यांगवे साहेब खिडकीतून बघत राहिले.
हसण्याला त्यांच्याकडे रकाना नव्हता.

पैसे शेवटी भिशीतून आले.
दवाखान्यातल्या बायकांची भिशी; पाळी दुसरीची होती,
कुणी एक न्सोफ्वा, स्वयंपाकघरातली.
तिनं फोनवरून पाठवले आणि एवढंच लिहिलं,
पहिली फेरी माझ्या आईकडे.

शिक्का बसला. थोडा तिरका.
'गाडीत अन्य वस्तू' या रकान्यात
मी लिहिलं, 'नाही.'
सीटखाली लहान मुलीची केसांची पिन होती, लाल.
कातोंगोनं ती पदराशी पुसली
आणि होती तिथेच ठेवली.

किल्ली फिरली. बाई बोलली.
'एया मुकवाई,' कातोंगो म्हणाली, 'ठाऊक आहे.'

फाटक वर गेलं.
पुढे रस्त्यात टोलनाका लागतो.
ते मी तिला सांगितलं नव्हतं.